ताटाची डावी बाजू

मराठी घरात पान वाढायची रीत ठरलेली आहे. वर मधोमध मीठ, त्याच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजव्या अंगाला भाजी, उसळ, आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. पंगतीत वाढणाऱ्यांना काय कुठे वाढायचे हे कधी सांगावे लागत नाही. पोषणशास्त्राच्या नजरेने या पानाकडे पाहिले, तर शरीराला लागणारे बहुतेक सगळे त्यात आहे. धान्य आहे, डाळ आहे, पालेभाजी आहे, कच्चे आहे, आंबट आहे, स्निग्ध आहे.

असे पान ज्या राज्यात वाढले जाते, तिथे २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत पस्तीस मुले वयाच्या मानाने ठेंगणी निघाली. त्याच पाहणीत राज्यातल्या साधारण चौथा हिस्सा स्त्रीपुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त भरले. एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात, एकाला रक्त कमी आणि दुसऱ्याची साखर वाढलेली. दोघांचा स्वयंपाक एकाच कुकरमध्ये शिजलेला असतो.

याचे उत्तर पदार्थांत शोधून सापडत नाही, ते प्रमाणात सापडते. आपल्या ताटाच्या मधला भाग फुगला आहे आणि कडेच्या वाट्या आकसल्या आहेत. डाव्या बाजूची कोशिंबीर चमचाभर, उजव्या बाजूची आमटी पाणीदार, आणि पोट भरायची सगळी जबाबदारी भात-पोळीवर. समतोल आहार शिकवायचा म्हणजे लोकांना नवे पदार्थ शिकवायचे, असे मला वाटत नाही. आहे तेच ताट नीट वाढायला शिकवायचे आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ही संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या बेरीबेरीवरच्या छोट्या प्रयोगशाळेतून तिची सुरुवात झाली, म्हणजे या देशातल्या लोकांच्या खाण्याचा अभ्यास ती शंभरहून अधिक वर्षे करते आहे. नव्या तत्त्वांत एक दिवसाचे ताट मांडले आहे. दोन हजार उष्मांक लागणाऱ्या प्रौढ माणसाने दिवसभरात, कच्च्या शिध्याच्या मापाने, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-सुकामेवा अशा तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम खावे. धान्यातून मिळणारे उष्मांक ४५ टक्क्यांवर जाऊ नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आज भारतीय माणसाचे ५० ते ७० टक्के उष्मांक धान्यातूनच येतात.

ग्रॅमचे आकडे स्वयंपाकघरात फार वेळ टिकत नाहीत, म्हणून ते आपल्या मापात आणू. अडीचशे ग्रॅम धान्य म्हणजे साधारण चार पोळ्या, एक ज्वारीची भाकरी आणि दोन मुठी तांदळाचा भात. ऐकायला हे पुरेसे वाटते. पण हा हिशेब उठल्यापासून झोपेपर्यंतचा आहे. सकाळी पोहे, दुपारच्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, चार वाजता चहाबरोबर खारी किंवा बिस्किटे, रात्री वरण-भात. शहरातल्या नोकरदार माणसाचा हा अगदी साधा दिवस. यात पाच वेगवेगळे पदार्थ दिसतात, पण पोहे म्हणजे तांदूळ, पोळी म्हणजे गहू, बटाटा म्हणजे पिष्ट, बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, आणि रात्री पुन्हा तांदूळ. तोंडाला पाच चवी मिळाल्या, शरीराला एकच गोष्ट पाच वेळा मिळाली. भाजीची वाटी दिवसाच्या हिशेबात फक्त बटाट्याने भरली, हे त्या माणसाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याने 'भाजी-पोळी' खाल्लेली असते.

आता डाळीकडे येऊ. खरी गडबड इथे आहे.

चार माणसांच्या कुकरला अर्धी वाटी तूरडाळ लावणारी घरे पुष्कळ आहेत. ही अर्धी वाटी एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहावी. मध्यम वाटी असेल तर साधारण सत्तर ग्रॅम भरते. चौघांत वाटली की माणशी सतरा-अठरा ग्रॅम डाळ. तूरडाळीत प्रथिने शंभर ग्रॅमला साधारण बावीस ग्रॅम असतात, म्हणजे त्या जेवणातल्या वरणातून एकेकाला चार ग्रॅम प्रथिनेही मिळत नाहीत. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम आणि पासष्ट किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. आयत्या वेळी पाहुणा आला की आमटीत पाणी वाढवले जाते. वाटी भरते, चवही मसाल्याने सांभाळता येते, पण भांड्यातली डाळ तेवढीच राहते. रोज वरण खाणाऱ्या माणसाला आपण डाळ खातो याची खात्री असते, आणि तरीही त्याच्या पोटात दिवसाला दोन-तीन चमचेच डाळ गेलेली असते.

उलट बाजूने हिशेब करा. पोषण संस्थेच्या ताटातली ८५ ग्रॅम डाळ साधारण १८-१९ ग्रॅम प्रथिने देते. अडीचशे ग्रॅम धान्य आणखी पंचवीसेक ग्रॅम देते, कारण ज्वारी, बाजरी आणि गव्हातही शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. दूध-दह्यातून दहा, शेंगदाणे-तिळातून सहा-सात. बेरीज साठच्या पुढे जाते. म्हणजे शाकाहारी घरात प्रथिने पुरत नाहीत ही भीती खरी नाही. घरात पुरेशी डाळ शिजवली जात नाही, एवढेच खरे आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांना प्रथिनांच्या भुकटीचे डबे विकत घ्यावेसे वाटतात, त्यांना हे सांगायला हवे. अंगाने भरण्यासाठी अशा भुकट्या घेऊ नयेत, असे याच मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. महिन्याच्या त्या डब्याच्या पैशांत घरातल्या सगळ्यांना पुरेल इतकी मटकी आणि हरभरे येतात.

धान्य आणि डाळ एकत्र खायची आपली सवय शास्त्राला धरून आहे. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यात त्यांपैकी लायसिन कमी असते, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून भरून निघते. म्हणून वरण-भात, पिठले-भाकरी, मुगाची खिचडी या जोड्या पोटाला आणि शरीराला दोन्हीला मानवतात. साधारण तीन भाग धान्याला एक भाग डाळ असे प्रमाण त्यासाठी लागते. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ यांच्याबरोबर हरभराडाळ आणि उडीद भाजून दळतात. जिने पहिल्यांदा ती भाजणी केली, तिला अमिनो आम्लांची नावे ठाऊक नव्हती, पण तिच्या हाताचे प्रमाण बरोबर होते. आज बाजारात नाश्त्यासाठी जी रंगीत खोकी मिळतात, त्यांतल्या बहुतेकांपेक्षा ताज्या लोण्याबरोबरचे एक थालीपीठ आणि वाटीभर दही केव्हाही सरस, असे माझे ठाम मत आहे.

उसळीचा मान आणखी वरचा. मटकी रात्री भिजत घातली, सकाळी उपसून फडक्यात बांधली की पुढच्या दिवशी मोड येतात. भिजण्याच्या आणि मोड येण्याच्या या दीड दिवसात दाण्यात दोन बदल होतात. कडधान्यात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोह आणि जस्त बांधून ठेवते आणि शरीराला घेऊ देत नाही. मोड येताना ते कमी होते. शिवाय कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोडात नव्याने तयार होते. शिजवताना त्यातले काही जाते, म्हणून वाढताना वरून लिंबू पिळायचे. उसळीवर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घालायची रीत चवीसाठी म्हणून चालत आली, पण तिचा फायदा रक्तापर्यंत पोचतो. मटकी, मूग, चवळी, हरभरे, वाल, मसूर यांतले एखादे कडधान्य रोज भिजत घालायचे, हा एकच नियम घरात बसला तरी ताटाची उजवी बाजू सावरते.

ताट धान्याकडे का झुकले, याचे खापर स्वयंपाक करणाऱ्या बाईवर फोडून चालणार नाही. धान्य स्वस्त आहे, टिकते आणि लवकर पोट भरते. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर राबलेल्या पिढीने मिलो या लाल ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या पिढीसाठी भरल्या ताटाचा अर्थ भरपूर भाकरी आणि भरपूर भात हाच होता, आणि तो बरोबरही होता. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. उपाशीपोटी झोपणाऱ्या घरांना त्याचा मोठा आधार झाला. पण रेशनच्या पिशवीतून महाराष्ट्रात मुख्यतः गहू आणि तांदूळ घरी आले, डाळ मात्र वाण्याकडूनच घ्यावी लागली. ज्याचा खिसा लहान त्याच्या ताटात स्वस्त वस्तूचा डोंगर होणारच. ज्या दिवशी कडधान्य रेशनवर धान्याइतक्याच नेमाने मिळेल, त्या दिवशी आहारशिक्षणाचे निम्मे काम आपोआप होईल. तोवर तूरडाळीचा हट्ट सोडून मटकी, मसूर, हरभरे, शेंगदाणे यांतले ज्या हंगामात जे परवडेल ते आणावे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत तेवीस-चोवीस ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्याची सुकी चटणी ही गरिबाची नुसती तोंडी लावायची वस्तू नाही, ते पूर्ण ताकदीचे अन्न आहे.

भाकरीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्वारी-बाजरी-नाचणी पुन्हा शहरातल्या दुकानांत आल्या. याचा आनंदच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमही नसते. बाजरीत लोह चांगले, ज्वारीत तांदळाच्या तिप्पट तंतू. पण 'आम्ही आता गहू सोडला, भाकरीच खातो' म्हणून तीन भाकऱ्या आणि पळीभर पिठले खाणाऱ्याची साखर उतरत नाही, आणि तो निराश होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांचे सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टातून येतात, असे त्यात दिसले. नुसते तांदळाच्या किंवा मैद्याच्या जागी गहू वा भरड धान्य ठेवल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण पिष्ट कमी करून त्याची जागा डाळी आणि दूधदुभत्यातल्या प्रथिनांना दिली, तिथे फरक दिसला. देशात मधुमेह असलेल्यांची संख्या याच पाहणीच्या २०२३ च्या अहवालानुसार दहा कोटींवर गेली आहे. म्हणून भाकरी जरूर खावी, पण तीनऐवजी दीड, आणि उरलेल्या जागेत उसळ आणि भाजी.

आता डाव्या बाजूकडे. कोशिंबीर, चटणी, लिंबू या गोष्टी आपण तोंडी लावणे म्हणून धरतो आणि तेवढ्याच वाढतो. दिवसाला चारशे ग्रॅम भाजी पोटात जायची असेल, तर हा हिशेब मुळापासून बदलावा लागतो. दोन्ही जेवणांत एक वाटी शिजलेली भाजी आणि एक वाटी कच्चे, म्हणजे काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कांदा, कोबी, बीट जे मिळेल ते, एवढे तरी हवे. दही घालून केलेली वाटीभर कोशिंबीर जेवणाच्या सुरुवातीला खाल्ली की भाताकडे जाणारा हात आपोआप आखडतो. हे करून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात काही सोडल्याची हळहळ वाटत नाही.

पालेभाज्यांत तर आपल्याइतके श्रीमंत क्वचितच कोणी असेल. मेथी, शेपू, अंबाडी, चाकवत, चुका, तांदुळजा, माठ, अळू, आणि ज्याच्या दारात झाड आहे त्याला फुकट मिळणारा शेवग्याचा पाला. पाऊस पडला की कोकणात, मावळात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळं, करटोली बाजारात येतात. आदिवासी बायका त्या टोपल्यांत घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांच्याकडून भाजी घेताना ती निवडायची आणि करायची कशी, हेही विचारून घ्यावे. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खाजतो, त्यासाठी काकड किंवा चिंचेसारखे आंबट घालायचे हे त्या बाईला माहीत असते. हे ज्ञान विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात टाकली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्या पाण्याबरोबर मोरीत जातात.

लोहाची गोष्ट थोडी तपशिलात सांगायला हवी, कारण तिच्यावर निम्म्याहून अधिक स्त्रियांची तब्येत अवलंबून आहे. पाळी येणाऱ्या वयाच्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, पुरुषाला १९. म्हणजे तिची गरज त्याच्या दीडपट. वनस्पतींतले लोह शरीर सहज घेत नाही, त्याला क जीवनसत्त्वाची सोबत लागते. लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कोबी यांतले काहीतरी त्याच जेवणात असावे. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते आणि तो गावोगाव मिळतो. चहातले टॅनिन मात्र याच्या उलट काम करते. जेवण झाल्याबरोबर घोटभर चहा घ्यायची सवय कामकरी बायकांत फार आहे. थकवा जावा म्हणून त्या चहा घेतात, आणि नुकत्याच खाल्लेल्या बाजरी-मेथीतले लोह त्याच चहामुळे वाया जाते. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवले तरी पुष्कळ साधते. रक्तक्षयाचे कारण दरवेळी लोहच असते असे नाही. बी-१२ किंवा फॉलिक आम्लाची कमतरता, जंत, काही भागांत सिकलसेल, हीही कारणे असतात. म्हणून थकवा आणि धाप असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे आणि तिथे मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. गोळी घेतल्याने ताटाची गरज संपत नाही, आणि चांगल्या ताटाने गोळीची गरज लगेच संपत नाही.

आणि ज्या बाईसाठी हे सगळे सांगायचे, ती जेवते शेवटी. आधी मुले, मग पुरुष, मग सासू-सासरे, मग ती. तोवर उसळीचा रस उरलेला असतो, दाणे वाढून झालेले असतात. पालेभाजी संपलेली असते, कोशिंबीर मुलांनी संपवलेली असते. उरलेला भात टाकायचा नाही म्हणून ती भातावर भात खाते. पोटभर जेवूनही तिचे ताट अर्धेच असते. कितीही आहारतक्ते भिंतीवर लावले, तरी वाढायचा क्रम बदलल्याशिवाय रक्तक्षयाचे ते ५४ टक्के खाली येणार नाहीत, असे मी मानते.

मांसाहारी घरांना काही वाटा सोप्या आहेत. मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात की डाळीच्या एका वाट्याऐवजी अंडे, मासे किंवा मांस घेता येते. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिने आणि बी-१२ असते. किनाऱ्यावरचे बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे ओमेगा-३ मेदाम्लांत महागड्या माशांना हार जात नाहीत. सुके मासे काट्यासकट खाल्ले जातात म्हणून कॅल्शियम देतात, फक्त त्यांतले मीठ धरून कालवणात मीठ हात आखडून घालावे. पूर्ण शाकाहारी घरात बी-१२ चा मुख्य आधार दूध, दही आणि ताक हाच. म्हणून पाणीदार ताकाच्या पेल्यापेक्षा वाटीभर दही जास्त कामाचे.

तेल, मीठ आणि साखर यांचे माप ताटात कळत नाही, ते वाण्याच्या यादीत कळते. माणशी रोज २७ ग्रॅम तेल-तूप म्हणजे चार प्रौढांच्या घरात महिन्याला साधारण सव्वातीन किलो. मीठ माणशी पाच ग्रॅम म्हणजे चौघांना महिन्याला सहाशे ग्रॅम, आणि त्यातच लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही आले. साखर माणशी पंचवीस ग्रॅमच्या आत. दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा झाले की ती मर्यादा तिथेच गाठली जाते, आणि बिस्किट, शीतपेय, श्रीखंड हे सगळे त्यावरचे ठरते. आपल्या घरी महिन्याला किती लिटर तेल येते हे बहुतेकांना पाठ असते. म्हणून ही मोजणी कोणत्याही ॲपशिवाय दोन मिनिटांत होते.

याच यादीत डाळीचा आकडाही पाहा. पोषण संस्थेच्या मापाने चौघांना महिन्याला डाळी-कडधान्ये मिळून दहा किलोच्या आसपास लागतात. आकडा पाहून दचकायला होते आणि सगळ्यांना तो लगेच परवडणार नाही हेही खरे. पण तीन किलो आणणाऱ्याने पाच केले, आणि त्यासाठी बिस्किटे, फरसाण आणि दोन किलो तांदूळ कमी केले, तर खर्चाचा मेळ बसू शकतो.

उपवासाबद्दल एकच सांगते. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. खिचडीत जे पोषण आहे ते दाण्याच्या कुटाचे आहे. राजगिरा, वरई, दही, फळे आणि शेंगदाणे यांवर उपवास केला तर धर्मही राहतो आणि तब्येतही.

हे सगळे लोकांपर्यंत पोचवायचे कसे? दर सप्टेंबरला पोषण महिना साजरा होतो, अंगणवाड्यांत पाककृती स्पर्धा होतात, सजवलेल्या ताटांचे फोटो निघतात. त्या ताटांमागे अंगणवाडीताईंची खरी मेहनत असते. पण बक्षीस सजावटीला देण्याऐवजी घरच्या रोजच्या कुकरमधल्या डाळीला द्यावे, असे मला वाटते. 'चार माणसांना किती वाटी डाळ लावता?' हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारावा. मापाच्या भाषेची ताकद मराठी घरांना ठाऊक आहे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे घरोघरी गेली. आहारशिक्षणालाही तीच भाषा लागेल.

त्या भाषेला विज्ञानाची जोड देणारी माणसेही आपल्यातच होऊन गेली. लेखिका दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण कमला सोहोनी यांना सी. व्ही. रामन यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आधी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या तिथे भांडून शिकल्या, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले, आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्ये आणि नीरा अशा गरिबांच्या अन्नावर संशोधन केले. उतारवयात त्यांनी सामान्य ग्राहकांसाठी अन्नभेसळीवर लेख लिहिले. प्रयोगशाळेतली माहिती बाजारहाट करणाऱ्या बाईपर्यंत न्यायची असते, हे त्यांनी स्वतः करून दाखवले.

शाळेतल्या पोषण आहाराचे ठरलेले माप पाहण्यासारखे आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या एका जेवणात शंभर ग्रॅम धान्याबरोबर वीस ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशेबरोबर तीस. म्हणजे अर्ध्या वाटीच्या कुकरवर जेवणाऱ्या घरातल्या प्रौढ बाईपेक्षा तिच्या सात वर्षांच्या मुलाला शाळेत जास्त डाळ मिळावी, असा सरकारी नियम आहे. शाळेत मुलाला जे मोजून मिळते, ते घरी आईलाही मोजून मिळायला हवे.

तेव्हा उद्या कुकर लावताना अर्ध्या वाटीच्या जागी दीड वाटी डाळ घ्या आणि त्या मापाने तांदूळ कमी करा. कोशिंबीर चमच्याने न वाढता वाटीने वाढा. आणि घरात जी रोज शेवटी बसते, तिचे ताट सगळ्यांच्या बरोबरीने वाढून तिला बसवा. तिच्या वाटीत उसळ पहिल्या वाढपाची असू द्या.